न बोलणाऱ्या नातवाशी बोलायला शिकताना

माझा नातू सोनू दोन वर्षांचा होत आला तरी एकही शब्द बोलत नव्हता. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे, त्यामुळे दिवसभर तो माझ्याजवळच असे आणि त्याला काय हवे आहे हे मला सवयीने कळत असे. भूक लागली की तो माझे बोट धरून मला ओट्यापाशी नेई आणि माझाच हात उचलून हव्या त्या डब्याकडे ढकली. दार उघडायचे असेल तर माझा हात कडीवर नेऊन ठेवी. हे सारे करताना तो माझ्या तोंडाकडे मात्र पाहत नसे, आणि बोटाने एखादी वस्तू दाखवणे त्याच्या गावीही नव्हते. आल्यागेल्या प्रत्येकाचे म्हणणे असे, की मुलगे उशिराच बोलतात, काळजी करू नका. कोणी वेखंड उगाळून चाटवायला सांगे, तर कोणी जीभ जड आहे म्हणून जिभेखालचा पडदा कापून घेण्याचा सल्ला देई. वेखंड मी माझ्या दोन्ही मुलांना बाळगुटीतून दिलेले आहे आणि त्या रीतीबद्दल माझ्या मनात अनादर नाही. पण ज्या मुलाला बोट दाखवणेही जमत नाही त्याची अडचण जिभेत नसावी, असे मला वाटू लागले होते.

आमच्या भागातील अंगणवाडीसेविकेने या शंकेला दिशा दिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि त्याअंतर्गत वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. ज्या मुलांच्या वाढीत काही अडचण दिसते त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते आणि तेथील सेवा विनामूल्य असते, हे मला तिच्याकडूनच कळले. पथकाच्या पुढच्या भेटीची वाटही पाहू नका, असे तिने निक्षून सांगितले. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले पुढे आपोआप इतरांच्या बरोबरीला येतात हे खरे असले, तरी आपले मूल त्यांतले आहे की नाही हे आधी खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. शिवाय सोनूच्या बाबतीत केवळ शब्दांचा उशीर नव्हता, खुणाही नव्हत्या. साधारणतः मुले वर्षाच्या आसपास बोटाने वस्तू दाखवू लागतात, आणि दीड वर्षाचे मूल आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याने पाहावी म्हणूनही बोट दाखवते. शब्द त्या बोटामागून येतात.

बालरोगतज्ज्ञांनी सर्वांत आधी कानांची तपासणी करायला सांगितली. घरात कोणालाच तिची गरज वाटत नव्हती, कारण कुकरची शिट्टी झाली की सोनू दुसऱ्या खोलीतून धावत येत असे. डॉक्टरांनी समजावले, की मोठा आवाज ऐकू येणे आणि बोलणे स्पष्ट ऐकू येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उच्च कंपनांचे आवाज ऐकू न येणाऱ्या मुलाला दार आपटल्याचा आवाज ऐकू येईल, पण स, श, त, क यांसारखी बोलण्यातली हलकी व्यंजने त्याच्यापर्यंत पोहोचणार नाहीत. आम्ही मिरजेत राहतो, आणि या गावात दवाखान्यांची उणीव नाही. आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणाऱ्या बेरा चाचणीसाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवले, सकाळी लवकर उठवले आणि रिक्षात डुलकी लागू नये म्हणून सारखे हालवत, गुणगुणत तेथे नेले. त्याच्या कपाळावर आणि कानांमागे जेल लावून तारा चिकटवल्या, कानांत लहानसे इअरफोन बसवले, आणि ऑडिओलॉजिस्ट ताई संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या लहरींकडे पाहत आवाज एकेक टप्प्याने कमी करीत गेल्या. त्या लहरींमधील पाचवी लहर अगदी हळू आवाजालाही उमटते का, हे त्यांना पाहायचे होते. ३० डेसिबलपर्यंत ती दोन्ही कानांना स्पष्ट दिसली. कान निर्दोष आहेत हे कळल्यावर सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. मला मात्र त्याच क्षणी जाणवले, की आता कारण दुसरीकडे शोधावे लागणार आहे.

त्यानंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी एक प्रश्नावली भरून घेतली. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असलेल्या या प्रश्नावलीत वीस प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे केवळ होय किंवा नाही अशी द्यायची असतात. तुम्ही खोलीतील एखाद्या वस्तूकडे बोट दाखवले तर मूल तिकडे पाहते का, हाक मारल्यावर प्रतिसाद देते का, आवडलेली वस्तू केवळ दाखवण्यासाठी तुमच्याकडे आणते का, असे ते प्रश्न असतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. निदान पुढे सविस्तर तपासणीनंतर झाले. त्याचा तपशील मी येथे लिहीत नाही, कारण तो सोनूचा आहे आणि मोठेपणी कोणाला काय सांगायचे हे त्याचे त्याने ठरवावे. पुढचे काम त्या नावासाठी थांबवून ठेवले नव्हते, एवढे सांगणे पुरेसे आहे. मुलाशी संवाद वाढवण्यासाठी निदानाची वाट पाहावी लागत नाही, आणि ही गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केली याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

स्पीच थेरपिस्ट निवडताना एक कटू अनुभव आला. एका ठिकाणी आम्हाला तीन महिन्यांत मूल बोलेल असे आश्वासन मिळाले, पूर्ण रक्कम आगाऊ मागण्यात आली, आणि आई किंवा आजी यांनी सत्राच्या वेळी बाहेरच बसायचे, अशी अट घालण्यात आली. शिकवणाऱ्या व्यक्तीचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला, तर उत्तर मिळाले नाही. आम्ही तेथून परतलो. वाचा आणि श्रवण या क्षेत्रात काम करणाऱ्याकडे ती नोंदणी असणे कायद्याने आवश्यक आहे आणि ती विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. पुढे ज्या थेरपिस्ट आम्हाला लाभल्या त्यांचे शिक्षण मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत झालेले होते. त्यांची पहिलीच अट उलटी होती, की दिवसभर मुलाजवळ जो असतो त्याने प्रत्येक सत्राला आत बसायचे.

पहिल्या सत्रात त्यांनी सोनूला काहीही बोलायला सांगितले नाही. तो सतरंजीवर पालथा पडून खेळण्यातल्या गाडीचे चाक फिरवत होता. त्या समोर तशाच पालथ्या झोपल्या, दुसरी गाडी घेतली आणि तिचे चाक फिरवू लागल्या. तो थांबला की त्याही थांबत. असे बराच वेळ चालले, आणि मग सोनूने चाक थांबवून त्यांच्याकडे पाहिले, त्या काय करतात याची वाट पाहत. घरात प्रत्येक जण ज्यासाठी धडपडत होता ती नजर अशी मिळाली. निघताना त्या मला म्हणाल्या, “आजी, आता घरात कोणीही त्याला ‘बोल’ म्हणायचे नाही. तो जे करतो आहे तेच त्याचे बोलणे आहे असे धरून त्याला उत्तर द्यायचे.”

हे ऐकायला सोपे आणि करायला फार कठीण आहे. आपल्याकडे लहान मुलाशी बोलणे म्हणजे बव्हंशी प्रश्न आणि हुकूम असतात. हे काय आहे, हे कोण आहे, बाप्पाला जय कर, काकांना टाटा कर, नाक कुठे आहे दाखव. मुलाने हात जोडले की सर्वांना आनंद होतो, पण सांगितल्यावरून केलेली ती कृती असते. त्यात मुलाला स्वतःला काही सांगायचे नसते. थेरपिस्टनी आम्हाला प्रश्नांच्या जागी साधी, आखूड वाक्ये ठेवायला शिकवले. तो ज्या वस्तूत रमला आहे तिच्याचविषयी, तो जे करतो आहे तेच, दोन शब्दांत बोलायचे. तो चेंडू टाकत असेल तर ‘चेंडू पडला’, पाण्यात हात घालत असेल तर ‘गार पाणी’, आणि मग गप्प राहायचे. भूभू, माऊ, चिऊ, भुर्र हे शब्द वापरू नयेत असे मी कुठे तरी ऐकले होते. त्यांनी उलट ते भरपूर वापरायला सांगितले, कारण प, ब, भ, म हे ओठांनी होणारे उच्चार मुलाला पाहून उचलता येतात आणि प्राण्यांच्या आवाजांत गंमतही असते.

सर्वांत मोठा बदल थांबण्याने झाला. दिवसातील जे काम त्याला आवडते आणि जे पुन्हा पुन्हा तसेच घडते, ते निवडायचे आणि त्यात मध्येच विराम घ्यायचा, अशी ती पद्धत होती. आम्ही आंघोळ निवडली. मोरीत सोनू पाटावर बसे आणि मी बादलीतून तांब्या भरून त्याच्या पाठीवर ओती. ते त्याला अतिशय आवडे. मी ‘एक, दोन, तीन’ म्हणून पहिला तांब्या ओतायची, दुसराही तसाच, आणि तिसऱ्या वेळी तांब्या भरून वर धरायची, ‘एक, दोन’ म्हणायची आणि थांबायची. मनात दहा अंक मोजायचे, तोवर तोंडातून अक्षर काढायचे नाही आणि चेहऱ्यावर मात्र वाट पाहणे दिसू द्यायचे. आरंभी तो नुसता खांदे आक्रसून पाणी पडण्याची वाट पाही. काही दिवसांनी त्याने तांब्याकडे पाहिले. मग एका सकाळी त्याने तांब्याकडे, तेथून माझ्या डोळ्यांकडे आणि पुन्हा तांब्याकडे पाहिले आणि ओला हात पाटावर आपटला. मी लगेच ‘तीन’ म्हणून पाणी ओतले. ते मागणे होते, आणि मला उद्देशून केलेले होते. पुढे त्याच हाताची खूण झाली. पाटावर हात आपटला की ‘आणखी’, हे घरातील सर्वांनी मानले. आणखीसाठी ठरावीक खूणच शिकवावी असा थेरपिस्टचा आग्रह नव्हता. त्याने स्वतः निर्माण केलेली खूण सर्वांनी ओळखावी, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे.

याच काळात ‘शब्द उच्चारल्याशिवाय खाऊ देऊ नका, भूक लागली की आपोआप बोलेल’, असे आम्हाला सांगणारे जवळचे लोक होते. या सल्ल्याला माझा पूर्ण विरोध आहे. ज्याला शब्द सापडत नाही त्याच्यापासून अन्न किंवा पाणी दूर धरल्याने शब्द सापडत नाही. माणसांवरचा विश्वास मात्र जातो. विराम घेणे आणि अडवून ठेवणे यांत अंतर आहे. मोरीतल्या त्या विरामात सोनूने काहीच केले नाही तरी दहा अंकांनंतर पाणी पडतच असे.

भाषेचा प्रश्नही याच सुमारास उभा राहिला. सुनेचे माहेर अथणीचे आणि तिची मातृभाषा कानडी. मुलाला दोन भाषांनी गोंधळ होतो आहे, कानडी बंद करा, असे तिला अनेकांनी सुचवले आणि ती बिचारी स्वतःच्या मुलाशी जपून, अडखळत मराठी बोलू लागली होती. थेरपिस्टनी हे ताबडतोब थांबवले. दोन भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे रखडत नाही, आणि आईने ज्या भाषेत ती सहज लाड करू शकते ती भाषा सोडल्याने मुलाच्या वाट्याला येणारे बोलणे उलट कमी होते, हे त्यांनी सांगितल्यावर संध्याकाळचे घर पुन्हा बोलते झाले. मोबाइलच्या बाबतीत त्या कठोर होत्या. दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुलाला स्क्रीन नकोच आणि पुढेही दिवसाला तासाभराहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेले आहे. जेवताना लागणारी गाणी आम्ही बंद केली. पहिला आठवडा जेवण फार अवघड गेले, नंतर जमले.

खुणा वाढल्यावर चित्रे आली. बाजारातले छापील तक्ते न आणता थेरपिस्टनी आम्हाला आमच्याच घरातील वस्तूंची छायाचित्रे काढायला सांगितली, कारण सोनूला पेला म्हणजे त्याचा निळा पेला आणि झोका म्हणजे आमच्या दारातला झोका. ती छायाचित्रे लॅमिनेट करून, मागे वेल्क्रो लावून त्याच्या उंचीवर भिंतीला चिकटवली. मागाहून त्यात वस्तूंची नसलेली चित्रेही आली. आणखी, नको, संपले, मदत, चल, थांब. माझ्या मते खरी किल्ली या दुसऱ्या गटात आहे. पेल्याच्या चित्राने फक्त पेला मागता येतो. ‘नको’च्या चित्राने मूल आपले मत सांगते आणि ते दिवसभर प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडते. पहिले काही आठवडे चित्रे फक्त आम्ही वापरायची होती. मी ‘आणखी पोळी?’ म्हणताना ‘आणखी’वर बोट ठेवायची, मुलगा कामावरून आल्यावर ‘चल’वर बोट ठेवून त्याला फिरायला न्यायचा. मुलाकडून काही करवून घ्यायचे नाही. बोलणारी माणसे चित्रांनीही बोलतात एवढे त्याला दिसू द्यायचे. नंतर आयआयटी मुंबईत तयार झालेले जेलो हे मोफत ॲपही आम्ही वापरून पाहिले, त्यात मराठीही आहे. पण सोनूच्या हाती फोन आला की त्याला गाणीच आठवत, म्हणून कागदाचा तक्ता आम्हाला अधिक सोयीचा ठरला.

चित्रांमुळे तो आळशी होईल आणि कधीच बोलणार नाही, ही भीती माझ्या मुलाला सर्वांत जास्त वाटत होती. थेरपिस्टनी त्याला २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनपर आढाव्याची माहिती दिली. विकासात्मक अडचणी असलेल्या ज्या २७ जणांची नोंद त्यात काटेकोरपणे पाहिली होती, त्यांपैकी एकाचेही बोलणे खुणा वा चित्रे वापरल्यामुळे कमी झाले नव्हते आणि दहापैकी जवळजवळ नऊ जणांचे ते थोडेफार वाढले होते. वाढ मोठी नव्हती, हेही त्यांनी लपवले नाही. त्या प्रामाणिकपणामुळेच मुलाचा विश्वास बसला असावा. घरात प्रत्यक्ष दिसलेला परिणाम मात्र निराळाच होता. सोनूचे डोके आपटून रडणे कमी झाले, कारण ‘नको’ म्हणण्याचा मार्ग त्याला मिळाला होता आणि त्याचे ‘नको’ आम्ही ऐकत होतो.

मिरज जंक्शनला येणाऱ्या गाड्या आमच्या गच्चीवरून दिसतात. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढत होते आणि सोनू कठड्याच्या जाळीपाशी उभा होता. इंजिनाचा भोंगा झाला, त्याने जाळीतून तर्जनी बाहेर काढून गाडीकडे दाखवले, आणि मागे वळून माझ्याकडे पाहिले. त्याला काहीच नको होते. मी ते पाहावे एवढेच त्याला हवे होते. ‘गाडी! गाडी आली!’ म्हणत मी त्याच्याजवळ गेले, आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघे तेथे उभे होतो. आनंद वाटून घेण्यासाठी केलेली ती पहिली खूण मला पुढे आलेल्या शब्दांहून मोठी वाटते. शब्द आले ते हळूहळू. पाण्यासाठी ‘पा’, आणि अथणीच्या अज्जी व्हिडिओ कॉलवर त्याला बोलावतात तो कानडी ‘बा’, म्हणजे ‘ये’. बाकी बरेचसे बोलणे अजून हातांनी आणि तक्त्यावरच चालते.

आता तो साडेतीन वर्षांचा आहे आणि बालवाडीत जातो. प्रवेशाच्या वेळी थेरपिस्टच्या मदतीने आम्ही त्याच्या नावाने एक पान तयार केले. सोनू हात आपटतो तेव्हा त्याला आणखी हवे असते, कान झाकतो तेव्हा आवाज सहन होत नसतो, प्रश्न विचारल्यावर त्याला उत्तरासाठी वेळ लागतो, त्याच्याशी बोलताना खाली बसावे, असे त्यावर लिहिले आहे, आणि तक्त्याची एक प्रत बालवाडीच्या बाईंकडे दिली आहे. बाईंनी ती वर्गात सर्वांसाठी लावली. पानावरचा मजकूर दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, कारण जुन्या खुणा गळतात आणि नव्या येतात. सध्या थेरपिस्ट त्याच्याबरोबर दोन चित्रे जोडण्यावर काम करीत आहेत, जसे ‘आणखी’ला ‘पाणी’ किंवा ‘बाबा’ला ‘चल’. मोठ्या माणसांशी तो हे करू लागला आहे. बरोबरीच्या मुलांकडून खेळणे मात्र तो अजून हिसकावूनच घेतो, म्हणून ‘दे’ आणि ‘माझी पाळी’ ही दोन चित्रे बालवाडीच्या तक्त्यावर नुकतीच वाढवून घेतली आहेत.